गाइडचं ऐकायचं नसतं

गेल्या रविवारी एका गृहस्थांबरोबर मी एकाच होडीत सहा तास काढले. मित्राच्या ओळखीचे. "त्यांनाही गळ टाकायची फार हौस आहे, होडीत जागा आहे तर घेऊन जा," असं मित्र म्हणाला. माझी अक्कल शेण खायला गेली होती म्हणून मी हो म्हणालो. त्या सहा तासांत खाडीतल्या मासेमारीबद्दल जे ज्ञान पदरात पडलं ते एकट्याला पचेना, तेव्हा तुम्हालाही वाढतो. गाइड घेऊन खाऱ्या पाण्यात मासे धरायला निघालात की हे सगळं जसंच्या तसं करा.

सुरुवात उशिरा येण्यापासून. गाइडने पहाटे साडेपाचला धक्क्यावर बोलावलं असेल तर ती वेळ त्याने अर्धवट झोपेत ठरवलेली असते. तो सांगेल की ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांत शिरलेलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी खाडीच्या तोंडाशी येते आणि तिथे जिताडा, तांबोशी वगैरे मंडळी आ वासून उभी असतात. सांगू द्या. सहा तासांची ओहोटी एकसारखी उतरत नाही, पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, हा ठोकताळाही तो ऐकवेल. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी पळतं आणि खरा खेळ तेवढाच. शिवाय धक्क्यापासून तिथे पोचायलाच तास लागतो. तुम्ही मात्र निवांत उठा, गुळगुळीत दाढी करा (मासे बघतात), वाटेत पेट्रोल भरा आणि सव्वासहाला हसत हसत गाडीतून उतरा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. समुद्र सरकलेला चालतो, मग तुम्ही ४५ मिनिटं सरकलात तर कोणाच्या पोटात का दुखावं? उतरल्या उतरल्या विचारा, "एवढ्या लवकर कशाला बोलावलंत?"

बूट काळ्या तळव्यांचे घाला. होडीच्या पांढऱ्या डेकवर तुमची आठवण राहिली पाहिजे.

लाइफ जॅकेटवर बसा. मऊ असतं.

समुद्र लागू नये म्हणूनची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते. म्हणून ती पोटात ढवळायला लागल्यावरच शोधायला घ्या, आणि क्षितिजाकडे बघा असं कोणी सांगितलं तर मान खाली घालून मोबाइलकडे बघा.

आता हत्यारं. गाइडकडे रॉड असतात. रोजच्या वापरातले, गोड्या पाण्याने धुतलेले, रिळावर दोरा नीट भरलेला. त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. परवाच घरी आलेला तुमचा रॉड काढा, मुठीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही तोच. गाइड वजनकाटा लावून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) बसवू पाहील, २० पौंडी दोऱ्याला पाच-साडेपाच पौंड, म्हणजे माशाने जोर केला की दोरा तुटायच्या आधी रीळ फिरतं आणि मासा दमतो. असल्या हिशेबीपणावर तुमचा विश्वास नको. मासा पळायला लागला, रीळ किरकिरलं, की दात-ओठ खाऊन ड्रॅग आवळा. ब्रेडेड, म्हणजे विणलेला, दोरा नायलॉनसारखा ताणला जात नाही, त्यामुळे निकाल तत्काळ लागतो. टक्. मग गाइडकडे वळून म्हणा, "दोरा हलका दिलात तुम्ही." दोरा तुमचाच असला तरी म्हणा. रविवारी हे दोनदा झालं आणि दोन्ही वेळा माशाच्या तोंडात गेलेलं ल्युअर (नकली आमिष) गाइडचं होतं. दुसऱ्यांदा तो काहीच बोलला नाही. खाली बसला, नवा लीडर (दोऱ्याच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) घेतला, गाठ मारली, ती जिभेने भिजवून हळूच आवळली, नखाने ओढून बघितली आणि रॉड पुन्हा यांच्या हातात दिला. मी तेव्हाच होडीतून उडी मारून पोहत घरी जायला हवं होतं.

दिशा हा एक वेगळाच विषय. होडीचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ, असं गाइड निघतानाच समजावतो. नंतर तो हलक्या आवाजात म्हणतो, "दहा वाजता, वीस मीटर, टाका लवकर." अशा वेळी आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघावं आणि म्हणावं, "दहाला अजून अडीच तास आहेत." मी हे बनवून सांगत नाही.

मागे कोण उभं आहे हे बघून रॉड फिरवणं हे नवशिक्याचं लक्षण. माझी टोपी सध्या खारफुटीच्या एका फांदीवर आहे. सोबत गाइडचं तिसरं ल्युअर.

गप्पा मारल्याने मासे पळतात असा एक समज आहे. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परतच फिरतो, त्यामुळे नुसत्या बडबडीने काही होत नाही. म्हणून टाचा आपटत चाला. आइसबॉक्सचं झाकण धाडकन लावा. पक्कड डेकवर टाका, उचला, पुन्हा टाका. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने, आणि माशाच्या दोन्ही कुशींवर जी रेघ असते तिने त्याला पाण्यातली बारीकशी थरथरसुद्धा कळते. साहेब आले ही वर्दी उथळ पाण्यात सगळ्यांना एकदम मिळायला हवी.

जिवंत आमिषाला गोल वळणाचा सर्कल हूक लावलेला असेल तर गाइड दहा वेळा सांगेल की झटका मारू नका, नुसतं गुंडाळत राहा, मासा वळला की हा गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. माराच झटका. सिनेमात मारतात.

आणि दर चार मिनिटांनी विचारत जा, "आहेत का इथे नक्की?"

हे सगळं करूनही मासा लागतो हो कधी कधी. ओहोटी सरत आली होती. गाइडने एका बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला स्वतः कास्ट केला, ल्युअर दोनदा हलवलं आणि रॉड यांच्या हातात ठेवला. पाणी फुटलं. मीटरला चार बोटं कमी असा जिताडा उभाच्या उभा बाहेर आला, डोकं झटकून आत गेला. गाइड ड्रॅगवर हात धरून बसला होता, म्हणजे यांच्या हातावर. म्हणून तो मासा होडीपर्यंत आला. गाइडने हातजाळं पाण्यातच ठेवलं, पकडीने गळ पाण्यातच सोडवला आणि म्हणाला, "फोटो हवा असेल तर आधी हात ओले करा. एक हात शेपटीच्या मुळाशी, एक पोटाखाली. आडवा धरायचा. मी तीन म्हणालो की उचला, फोटो, लगेच खाली. तोवर तुम्हीही श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही पाण्यात जाऊ द्या."

यातलं एकही वाक्य ऐकू नका. हात ओले कशाला? टॉवेलने खसखसून कोरडे करा आणि त्याच टॉवेलने मासा पुसून घ्या, चकाकतो फार. अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगराईपासून वाचवतो, तो टॉवेलला लागला तर लागला, घरी धुता येतो. टॉवेल. आडवा बिडवा धरू नका, जबड्यात ग्रिपरचा चिमटा अडकवून उभा लटकवा. पाण्यात ज्याचं सगळं वजन पाणी पेलत होतं तो मासा आता एका जबड्यावर टांगलेला आहे, मणका ताणतोय, आतडी खाली ओघळतायत, पण फोटोत लांबी काय दिसते! एक फोटो गॉगल लावून. एक गॉगल काढून, कारण गॉगलमध्ये फोटो काढणारा दिसतोय. एक हात पुढे ताणून, म्हणजे मासा तुमच्याएवढा दिसेल. डोळे मिटले का? पुन्हा. सूर्य मागे आहे, होडी वळवता का जरा? मग व्हिडिओ, "नमस्कार मित्रांनो" पासून. त्यात माशाने शेपटी मारली, तो निसटून तापलेल्या डेकवर पडला, डोकं दोनदा आपटलं. उचला पुन्हा. "हां, आता शांत झालाय." शांत! कल्ल्यांचे पदर एकमेकांना चिकटून ज्याला श्वास घेता येत नाही तो शांत होणारच. गाइड दोनदा म्हणाला, "दादा, पुरे, पाण्यात घ्या." तिसऱ्यांदा ओरडून म्हणाला. त्यावर आमचे साहेब हसून म्हणाले, "अरे, पैसे दिलेत ना."

फोटो मी काढत होतो. फोन खाली ठेवून "बास" म्हणायला मला जमलं नाही, तेही लिहून ठेवतो. घरी येऊन वेळा बघितल्या. पहिला फोटो ९ वाजून १२ मिनिटांचा. शेवटचा ९ वाजून १६.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. रेनबो ट्राउट दमेपर्यंत पळवले आणि काहींना नंतर हवेत धरलं. नुसते दमवलेल्यांतले १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांतले ३८ टक्के. ६० सेकंद धरलेल्यांतले ७२ टक्के. ट्राउट वेगळा, जिताडा वेगळा, मान्य. पण तुम्ही चार मिनिटं धरलात!

नाही, हे तिरकस बोलणं मला आता पुढे रेटता येणार नाही.

अहो, काय केलंत तुम्ही हे? जिताडा जन्मतो तो नर म्हणून, काही वर्षं नर म्हणून जगतो आणि मोठा झाला की मादी होतो. एवढ्या मापाचा मासा म्हणजे जवळजवळ हमखास मादी, हंगामात कोटीच्या घरात अंडी देणारी. हे जाताना गाइडने सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा सेल्फी काढत होतात. खायला न्यायचा होता तर तसं बोलायचं होतं, नियमात बसत असता तर त्याने डोक्यात नीट घाव घालून दोन मिनिटांत बर्फात ठेवला असता, आणि माझी काही तक्रार नसती. मीही मासे खातो. पण तुम्हाला तो खायचाही नव्हता आणि सोडायचाही नव्हता. तुम्हाला तो नुसता धरायचा होता.

गाइडने तो तुमच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. होडीच्या कडेवर पोटावर आडवा झाला, माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि हात पोटाखाली घालून वीस मिनिटं तसाच राहिला. पुढेमागे हलवायचं नसतं, पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडायला हवं, त्यासाठी प्रवाह पुरतो. बाही खांद्यापर्यंत भिजली होती. तुम्ही सावलीत बसून विचारलंत, "चला ना, दुसरा बघू?" मासा सुटला, गेलाही. मग चाळीस-पन्नास हातांवर कुशीवर वर आला. पांढरं पोट दिसलं. एक घार दोनदा फिरून गेली. गाइड बघत राहिला, मी बघत राहिलो, तुम्ही मोबाइलला रेंज शोधत होतात. संध्याकाळी तुमचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "पकडला आणि सुखरूप सोडला. निसर्ग जपा."

सुखरूप?

ज्या माणसाने ती खाडी वर्षानुवर्षं पाठ केली, त्याच्या माहितीचे पैसे मोजून तुम्ही आलात आणि त्याचं एक, एकही वाक्य ऐकलं नाहीत. वेळेचं नाही, दोऱ्याचं नाही, माशाचं नाही. उतरताना त्याला नीट नमस्कारसुद्धा केला नाहीत, "आज मासे कमी होते" म्हणालात. आणि आता मित्राकडून विचारताय की पुढची खेप कधी. होडीत जागा नाही. रिकामी गेली तरी जागा नाही.

आणि एक. माझ्या फोनमधल्या मूळ फोटोत माशाच्या पोटाखाली एक हात आहे, कोपरापर्यंत ओला, बोटांवर दोऱ्याने कापल्याचे जुने वळ. तुम्ही वरून लटकवलेला मासा तो खालून पेलत होता. तुम्ही सगळ्यांना पाठवलेल्या फोटोत तो हात कापून टाकलाय.