वेफर्सच्या पाकिटातला 'विषारी' गॅस

"वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात, लहान मुलांना देऊ नका." हा मेसेज फॅमिली ग्रुपवर पुन्हा आलाय. पाठवणारे काका केमिस्ट्रीचे बी.एस्सी. आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

काका, हा मेसेज टाइप करताना तुम्ही जी हवा आत ओढलीत, तिच्यात 78 टक्के नायट्रोजनच होता. पाकिटात तो वेगळं काही करत नाही. उलट काहीच करत नाही, म्हणून तर तो भरतात. तेलकट पदार्थाचा खरा शत्रू ऑक्सिजन. तेलाशी त्याचा संयोग झाला की वेफर्स खवट होतात. म्हणून सील करताना नायट्रोजनचा झोत सोडून हवा बाहेर ढकलायची. आतल्या चकचकीत थरामुळे बाहेरचा ऑक्सिजन आणि दमटपणाही आत शिरत नाही. फुगलेल्या पाकिटात वेफर्सचा चुराही कमी होतो. (महाबळेश्वरला तेच पाकीट आणखी टम्म होतं ते वर हवेचा दाब कमी म्हणून, गॅस 'वाढला' म्हणून नव्हे.)

"अर्धं पाकीट हवाच विकतात" ही तक्रार मात्र मला पटते. वजन छापलेलं असतं हे खरं, पण दुकानात हात फुगलेल्या पाकिटाकडेच जातो आणि हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. बचत गटांच्या ताया नुसत्या सीलिंग मशीनवर चिवडा पॅक करतात. त्यात खोबरं, शेंगदाणे, आणि सोबत कोंडलेली हवा. चव कितीही उजवी असली तरी टिकण्यात तो मागे पडतो. अनुदान द्यायचंच तर गॅस भरणाऱ्या मशीनला द्या, असं माझं मत.

आता भीती कुठे बाळगायची ते. हाच नायट्रोजन द्रवरूपात उणे 196 अंशांवर उकळतो. 2017 मध्ये गुरुग्रामच्या एका बारमध्ये एकाने धूर विरायच्या आतच कॉकटेल घशाखाली घातलं आणि त्याच्या जठराला भोक पडलं. त्यानंतर हरियाणाने खाण्यापिण्यात द्रव नायट्रोजन वापरायला बंदी घातली. आपल्याकडे लग्नात, जत्रेत तोंडातून धूर काढणारी बिस्किटं पोरांच्या हातात देतात आणि आईबाप कौतुकाने रील काढतात! त्यावर कुणी मेसेज फॉरवर्ड करत नाही.

आणि कारखान्यात? एक लिटर द्रव नायट्रोजनचा साधारण 700 लिटर वायू होतो. बंद खोलीत तो ऑक्सिजनला हुसकावून लावतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपला जीव घुसमटतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की. इथे तो उच्छ्वासातून बाहेर पडतच राहतो, त्यामुळे काही कळायच्या आत माणूस कोसळतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. 28 जानेवारी 2021 ला अमेरिकेत जॉर्जियातल्या गेन्सव्हिलच्या कोंबडी प्रक्रिया कारखान्यात असंच झालं. फ्रीझरमधून द्रव नायट्रोजन उतू गेला आणि सहा कामगार मेले. ऑक्सिजन कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्या खोलीत नव्हती.

फूड पॅकिंगच्या किंवा फ्रोझन मालाच्या युनिटमध्ये काम करणारं कुणी हे वाचत असेल तर कमेंटमध्ये सांगा: तुमच्या गॅस रूममध्ये ऑक्सिजन मीटर आहे का, आणि तो चालू असतो का? कंपनीचं नाव लिहू नका.