खासदाराच्या एका मिनिटाचं काय करावं

आधी हिशेब. लोकसभेत निवडून आलेले खासदार ५४३ आणि देशात माणसं १४० कोटींच्या वर. म्हणजे एका खासदारामागे सरासरी पंचवीस-सव्वीस लाख. आता पाच वर्षांची मिनिटं मोजा. तीही २६ लाखांच्या आसपासच भरतात. तेव्हा तुमच्या खासदाराने झोप, जेवण, आंघोळ आणि पक्षश्रेष्ठींच्या दारात ताटकळणं हे सगळं सोडून पाच वर्षं नुसती माणसंच भेटायची ठरवली, तरी तुमच्या वाट्याला येतं एक मिनिट. ते वाया जाऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

तुमच्या आजोबांना अडीच मिनिटं मिळत होती, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त वाईट वाटेल. १९७१ च्या जनगणनेत आपण ५५ कोटींच्या आत होतो. त्या आकड्यावर राज्यांच्या जागा ठरल्या आणि १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने त्या गोठवल्या. कारण तसं रास्त होतं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांच्या जागा कमी झाल्या असत्या, म्हणजे शहाणपणाचा दंडच. मुदत सरत आली तेव्हा ८४व्या घटनादुरुस्तीने कुलूप तसंच ठेवलं आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत किल्ली बाजूला ठेवून दिली. थोडक्यात, महाराष्ट्राचे ४८ खासदार हे १९७१ साली शिरगणतीचे मास्तर दारात आले तेव्हा घरात असलेल्या मंडळींचे आहेत. तुमचा जन्म नंतरचा असेल तर तुम्ही पंगतीला आयत्या वेळी आलेले पाहुणे. वाढतील तेवढं घ्या.

मिनिट फारच अपुरं वाटत असेल तर बिऱ्हाड हलवा. गोव्यात दोन खासदार आणि माणसं पंधरा लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी साडेतीन मिनिटं. लक्षद्वीपला तर २०११ च्या जनगणनेत ६४ हजार माणसं आणि खासदार एक. चाळीस मिनिटं! नारळपाणी पिऊन, घरच्यांची विचारपूस करून, वर मासळीच्या भावावर बोलायलाही वेळ उरतो. उलट, हैदराबादच्या कडेला मलकाजगिरी मतदारसंघात नुसते मतदारच तीस लाखांच्या वर आहेत. तिकडे जाऊ नका. त्यांचं मिनिटही पुरं भरत नाही.

स्थलांतराची सोय उमेदवारांना जास्त चांगली केलेली आहे, हे ओघाने आलंच. तुम्ही भाड्याची खोली बदललीत तरी मतदारयादीतलं नाव हलवताना नाकी नऊ येतात. लोकसभेच्या उमेदवाराचं नाव मात्र देशातल्या कुठल्याही यादीत असलं की झालं. पुण्याचे मधू लिमये बिहारच्या मुंगेरमधून निवडून आले ते याच सोयीने. शिवाय उमेदवाराला एकाच वेळी दोन जागी उभं राहता येतं. तुम्ही दोन जागी मत देऊन बघा! आणि कच्च्या कैदेतला माणूस मत देऊ शकत नाही, पण निवडणूक लढवू शकतो. तेव्हा कुणी कोठडीतून मतदानाच्या हक्काबद्दल कुरकुरत असेल तर त्याला म्हणावं, मत कसलं मागतोस, सरळ उभाच राहा.

मतदानाचा दिवस आला की सुट्टी असते. शनिवार-रविवारला जोडून आली तर अलिबाग गाठा. एका मताने काय होतंय, हे वाक्य तोंडी ठेवा. २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. एका एसटीत चार उभे धरून मावतील एवढी माणसं. पण ती एसटी त्या दिवशी नेमकी अलिबागला गेली होती, हे तुम्हाला कोण सिद्ध करून दाखवणार आहे? आणि गेलातच मतदानाला, नि कुणीच पसंत पडलं नाही, तर २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणी नाही’चं बटण आहे. इंदूरमध्ये २०२४ ला त्यावर दोन लाखांहून अधिक मतं पडली. निकालावर काडीचा परिणाम झाला नाही, पण मन हलकं होतं म्हणतात.

खर्चाकडे बघू नका. मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. पंचवीस लाख लोकांत वाटली तर माणशी चार रुपयेसुद्धा येत नाहीत. चौकातले फ्लेक्स, गाड्यांचा ताफा आणि रात्रीच्या मटणाचा रस्सा या चार रुपयांत बसवणारे आचारी आपल्याकडे आहेत, याचा अभिमान बाळगा. ताटावर बसून हिशेब विचारणं ही आपली संस्कृती नाही.

आता मुख्य मुद्दा. खासदार निवडून आला, तुमचं मिनिट सुरू झालं. काय मागाल?

गटार मागा. गटार नगरपालिकेचं, नळ नगरपालिकेचा, रस्ता कधी जिल्हा परिषदेचा तर कधी सार्वजनिक बांधकामचा. म्हणूनच ते खासदाराकडे मागायचं. लोकसभेत कुठला कायदा आला, त्यात तुमच्या पिकाचं, पेन्शनीचं, फोनमधल्या माहितीचं काय झालं, हे मात्र चुकूनही विचारू नका. माणूस गोंधळतो. गटाराला त्याच्याकडे उत्तर असतं, ‘बघतो, सांगतो साहेबांना’. कायद्याला काय सांगणार?

त्याखालोखाल हायमास्ट दिवा, मंदिराचा सभामंडप, स्मशानभूमीची शेड. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला आणि आता वर्षाला ५ कोटी आहे. माणशी वीस रुपये, म्हणजे एक वडापाव. पण त्या वडापावाच्या बाकावर, शेडवर आणि बसथांब्यावर खासदाराचं नाव जेवढ्या अक्षरांत लागतं, ते पाहता वाटतं की सगळं त्याच्या वडिलार्जित जमिनीच्या पैशातून झालं असावं. तुम्हीही तसंच समजा आणि ‘कार्यसम्राट’ असा फ्लेक्स लावा. पूर्वी केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशाचं पत्रही मिळायचं, प्रत्येक खासदाराला वर्षाला दहा. २०२२ ला तो कोटा बंद झाला, तेव्हापासून संसदीय लोकशाहीवरचा कित्येकांचा विश्वास डळमळला आहे.

दिल्लीत तो काय करतो याची काळजी करण्याचं कारण नाही, कारण तो तिथे फारसा नसतोच. १७व्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४ बैठका झाल्या. पहिल्या लोकसभेच्या ६७७ झाल्या होत्या, पण तेव्हा लोकांना एवढी लग्नं नसावीत. बैठक असते तेव्हा अकरा वाजता प्रश्नोत्तरांचा तास, बारा वाजता शून्य प्रहर. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं ते, दिवसाला वीस, तेही चिठ्ठी निघाली तर. तुमच्या खासदाराने किती विचारले ते लोकसभेच्या संकेतस्थळावर नावासकट असतं. तिकडे फिरकू नका. उगाच नातं बिघडतं.

त्याचं स्वतःचं मत काय, असंही विचारू नये. १९८५ पासून घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्याने, ती जबाबदारी त्याच्या डोक्यावरून काढून घेतली आहे. पक्षादेश निघाला की हात वर करायचा. त्याविरुद्ध मत दिलं किंवा मुकाट्याने घरी बसला, तरी खासदारकी जाऊ शकते. पंचवीस लाखांनी निवडून दिलेला माणूस एका कागदावर चालतो, म्हणून ज्याला काही सांगायचं असेल त्याने कागद काढणाऱ्याला गाठावं. त्याच्या मिनिटांचा दर वेगळा असतो. या परिशिष्टातली एक खुबी मात्र शिकण्यासारखी आहे. एकटा उठून गेला तर तो पळून गेला. दोन-तृतीयांश उठून गेले, की त्यांचं वऱ्हाड होतं, आणि वऱ्हाडाला कोण अडवतो? पूर्वी एक-तृतीयांशांनाही फुटायची मुभा होती. २००३ मध्ये ती काढली. वऱ्हाड जरा मोठं हवं, असं ठरलं.

वेळेच्या बाबतीत सभागृहाकडूनही शिकावं. २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प गदारोळात, चर्चेविना, काही मिनिटांत लोकसभेत पार पडला. तुम्ही भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून याहून जास्त वेळ घालता. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. तेवढ्यांच्या मतदारांचं मिनिट त्या आठवड्यात बाहेर पायऱ्यांवर उभं होतं.

राज्यसभेबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे तुम्हाला मिनिटच नाही. महाराष्ट्राच्या १९ जागा, निवडणारे आमदार. सहा जागा रिकाम्या असल्या की २८८ आमदारांत एकेकाला ४२ मतं लागतात, आणि ती जुळेपर्यंत आमदारांना हॉटेलात हवापालट मिळतो. ज्या राज्यातून जायचं तिथलं रहिवासी असण्याची अट २००३ मध्ये गेली, त्यामुळे ‘राज्यांचं सभागृह’ हे नाव आता एखाद्या उडुपी हॉटेलच्या ‘मुंबई स्पेशल’सारखं घ्यावं. तरी या सभागृहाचे आपल्यावर उपकार आहेत. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मुंबईच्या मतदारांनी खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लोकसभेत जाऊ दिलं नाही. त्यांना संसदेत पोचवलं ते राज्यसभेने. तेव्हा आपलं मत चुकीच्या जागी पडलं असं कधी वाटलंच, तर परंपरा मोठी आहे, एवढं समाधान बाळगा.

घरातल्या बायकांनी हा लेख वाचायची एवढ्यात घाई करू नये. लोकसभेत त्यांना एक-तृतीयांश जागा देणारी १०६वी घटनादुरुस्ती २०२३ मध्येच झाली. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग जागा, असा क्रम त्यात लिहिला आहे. २०२४ ला ५४३ मध्ये ७४ बायका निवडून आल्या. पानं मांडली आहेत, भात चुलीवर आहे, तांदूळ निवडायचा आहे.

वाईट उदाहरणांपासूनही सावध राहा. आमच्या कोकणात राजापूर म्हणून मतदारसंघ होता. तिथल्या लोकांनी बॅ. नाथ पै यांना तीनदा आणि त्यानंतर प्रा. मधू दंडवते यांना सलग पाच वेळा पाठवलं. नाथ पै गटाराऐवजी घटनेवर बोलत. मूलभूत हक्कांत बदल करण्याचा अधिकार संसदेला आहे की नाही, यावर त्यांनी १९६७ मध्ये खासगी विधेयक मांडलं, ते संयुक्त समितीपर्यंत गेलं. पारित नाही झालं. सभेला जाऊन त्यांचं संसदीय भाषण ऐकलेली म्हातारी माणसं अजून भेटतात, आणि आपण नातवाच्या नोकरीचं पत्र मागायचं विसरलो याची त्यांना खंतही दिसत नाही. २००८ च्या फेररचनेत राजापूर नकाशावरूनच गेलं, त्यामुळे आता धोका नाही.

मिनिट वापरायची खरी जागा म्हणजे लग्न. त्यातही मुहूर्त शुक्रवार दुपारचा काढा. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामाला ठेवलेले असतात. मंत्री नसलेल्या साध्या खासदाराने स्वतःच्या डोक्याने कायदा सुचवायची हीच काय ती वेळ. आजवर अशी विधेयकं पारित झाली १४, त्यातलं शेवटचं १९७० साली. म्हणजे तिथे त्याचं फारसं अडत नाही. सकाळच्या विमानाने येईल. कुणी बैठकीचं नाव काढलं, तर ‘आमच्यापेक्षा दिल्ली मोठी झाली का?’ हा प्रश्न मामांनी चारचौघांत विचारावा, हमखास लागू पडतो.

आला की मंगलाष्टकं थांबवा. माईक द्या. हार-शाल-नारळ तयार ठेवा. तिकडे साडेतीनच्या सुमारास सभागृहात कामकाजाला लागणारे किमान ५५ जणही भरत नसतील आणि गणपूर्तीची घंटा वाजत असेल. इकडे सनईवाल्याला जरा मोठ्याने वाजवायला सांगा, नवऱ्याला थोडा डावीकडे सरकवा, आणि तुम्ही खासदारांच्या उजव्या हाताला उभे राहा. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा, मिनिट एकच आहे.