साखरेतला क्लोरीन आणि आत्याची बीपीची गोळी

गेल्या रविवारी आत्याचा फोन आला. मिरजेला असते, वय ७१. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणाली, "बीपीची गोळी सोडली रे मी, नऊ दिवस झाले. क्लोरीन असतो म्हणे तिच्यात." प्रेशर मोजायला लावलं तर वरचा आकडा १७८. मी फोनवर ओरडलोच. मग तिने भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा तो मेसेज मला पुढे ढकलला.

तुमच्याकडेही आला असेल. वर तीन लाल त्रिकोण आणि 'सावधान! शुगर-फ्री म्हणजे गोड डीडीटी'. खाली मुद्दे: सुक्रॅलोज (शुगर-फ्रीमधला गोड पदार्थ) हे कीटकनाशक म्हणून शोधलं गेलं; कारखान्यात साखरेतून क्लोरीनचा वायू सोडून ते बनवतात; ते डीडीटीचं सख्खं भावंड असल्यामुळे चरबीत साठतं; निसर्ग अन्नात किंवा शरीरात कधीच क्लोरीन-ब्रोमीन जोडत नाही; गरम केलं की त्याचं विष होतं. आणि शेवटी ठळक अक्षरात: तुमच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांतही हाच क्लोरीन आहे, सूत्र तपासा, Cl दिसलं की आजच बंद करा.

आत्याच्या नातवाने सूत्र तपासलं. ॲम्लोडिपिनमध्ये Cl दिसलं. गोळी बंद.

मी अठरा वर्षं क्लोरिनेशनच्या, म्हणजे रसायनांना क्लोरीन जोडण्याच्या, प्लांटवर काढली आहेत. त्यामुळे आधी या शेवटच्या मुद्द्याचाच समाचार घेतो, कारण बाकीचे नुसते बावळट आहेत, हा माणूस मारू शकतो.

टोल्युइन नावाचा एक साधा द्रव असतो. बेंझिनचं कडं आणि त्याला लटकलेला एक मिथिल गट. त्यात क्लोरीन सोडा. अंधारात, थोडं फेरिक क्लोराइड घालून सोडलात तर क्लोरीन कड्यावर बसतो. तोच क्लोरीन, तेच टोल्युइन, पण फेरिक नाही आणि वरून प्रखर उजेड, तर तो कडं सोडून मिथिलवर जातो. पहिल्यातून मिळतं क्लोरोटोल्युइन, तसं थंड डोक्याचं. दुसऱ्यातून बेंझिल क्लोराइड, ज्याचा वास जरी आला तरी डोळ्यांतून धारा लागतात. दोघांचं रेणुसूत्र अक्षरन् अक्षर सारखं आहे. नातवाने सूत्र तपासलं असतं तर त्याला फरक कळला असता का? क्लोरीन आहे की नाही हे विचारून काही हाती लागत नाही. तो कुठे बसलाय, किती घट्ट बसलाय आणि शेजारी कोण आहे, हे विचारावं लागतं.

ॲम्लोडिपिनमधला क्लोरीन कड्यावर बसलेला आहे, एकच, आणि तिथून तो सहजासहजी हलत नाही. डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिनमध्येही तसाच एक. सिटाग्लिप्टिनमध्ये तर सहा फ्लोरीन आहेत. औषधं बनवणारे हॅलोजन (फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही भावंडं) हौसेने जोडत नाहीत. योग्य जागी एक अणू बसवला की रेणू शरीरात लवकर तुटत नाही, हव्या त्या प्रथिनाला नीट चिकटतो, दिवसातून एक गोळी पुरते.

आणि गंमत ऐका. आत्या सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, ती मात्र तिने चालू ठेवली होती. त्या थायरॉक्सिनच्या एका रेणूत चार आयोडीन आहेत. निसर्ग हॅलोजन जोडत नाही म्हणे! तुमच्या गळ्यातली ग्रंथी ह्या क्षणी तेच करत बसली आहे. टायरोसिन या अमिनो आम्लाला आयोडीन लावणं हे शुद्ध हॅलोजनेशन आहे, फक्त रिॲक्टर आणि विषारी वायू धुऊन काढणारे स्क्रबर नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकमधले दोन क्लोरीन मातीतल्या जिवाणूने लावलेले. मुद्दा निकालात.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. साखरेतून क्लोरीनचा वायू सोडून सुक्रॅलोज होत नाही. साखरेच्या पाण्यात वायू सोडून बघा, साखर तुटून आम्लं होतील, गोडी जाईल. साखरेच्या रेणूवर आठ हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. त्यातले नेमके तीन काढून तिथे क्लोरीन बसवायचे आणि बाकी पाचांना धक्का लावायचा नाही, हे खरं कसब. ग्लुकोजच्या बाजूचा सहाव्या जागेवरचा हायड्रॉक्सिल सगळ्यात उतावळा, मोकळा ठेवला तर क्लोरीन आधी तोच घेणार. म्हणून त्याच्यावर आधी ॲसिटेटची टोपी चढवतात. मग डीएमएफ नावाच्या द्रावकात थायोनिल क्लोराइड किंवा फॉस्जीन घालून विल्समायर अभिकर्मक तयार करतात, शंभर अंशांच्या वर तापवतात, तो एकेका हायड्रॉक्सिलला पकडतो आणि त्याच्या जागी क्लोराइड येतो. शेवटी अल्कली घालून टोपी उतरवायची.

थायोनिल हा सज्जन पदार्थ नाही, हे मी आधीच कबूल करतो. पावसाळ्यात ड्रमचं बूच जरा सैल केलं की पांढरा धूर बाहेर येतो आणि मास्कच्या कडेतून गंधकाची तिडीक नाकात शिरते. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. स्क्रबर चालू नसेल तर आम्ही बॅच घेत नाही. पण भांड्यात काय घातलं यावरून बाहेर काय निघालं हे ठरत असतं तर कॉस्टिकने बनवलेल्या साबणाने कुणी तोंड धुतलं नसतं.

कीटकनाशकाची कथा: १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ आणि शशिकांत फडणीस साखरेचे नवे उपयोग शोधत होते. सांगतात असं की हफ म्हणाले 'test' कर, म्हणजे तपास, फडणिसांना ऐकू आलं 'taste', म्हणजे चाखून बघ, इंग्रजीत दोन्ही शब्द तसे जवळचे. चाखलं, भयंकर गोड निघालं. साखरेच्या सुमारे ६०० पट. किस्सा रंगवलेला असेल, पण त्यात किडे मारायचा बेत कुठेच नव्हता. आणि असता तरी काय? वॉरफरिन उंदीर मारायला विकलं जायचं, आज हृदयाचे पेशंट घेतात.

डीडीटीशी नातं लावणं तर हद्दच. डीडीटी पाण्यात विरघळतच नाही, चरबीत जाऊन बसतं. सुक्रॅलोज पाण्यात चमचाभर टाकलं की विरघळतं. पोटात गेलेल्यातलं बहुतेक, साधारण ८५ टक्के, शोषलंच न जाता विष्ठेतून बाहेर पडतं, शोषलेलंही मुख्यतः लघवीतून जातं. अमेरिकेच्या एफडीएने १९९८ साली परवानगी देण्यापूर्वी ११० हून जास्त अभ्यास तपासले होते. मेसेजवाल्या शास्त्रज्ञाने नावसुद्धा दिलेलं नाही.

(मिठातही क्लोरीन आहे की, असं उत्तर देणारेही मला आवडत नाहीत. मिठातला क्लोराइड सुटा आयन, सुक्रॅलोजमधला कार्बनला जोडलेला. आपल्या बाजूचा म्हणून चुकीचा दाखला कशाला द्यायचा.)

बरं, अर्धं खरं काय ते सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी तोंडावर फेकेल. ती टोपी आठवते? टोपी न उतरलेलं सुक्रॅलोज-६-ॲसिटेट थोडंसं मालात राहू शकतं आणि २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना काचेच्या बशीतल्या पेशींवर त्याने डीएनएला इजा होताना दिसली. पेशींवरचा निकाल म्हणजे माणसावरचा नाही, पण शुद्धीकरण काटेकोर हवं एवढं त्यातून नक्की निघतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन उतरवायला असे गोडवे वापरू नका असं सांगितलं. तो सल्ला आधीपासून डायबेटिस असलेल्यांसाठी नाही, हे मात्र फॉरवर्ड करणारे खुबीने गाळतात.

तापवण्याचाही मुद्दा सगळा खोटा नाही. १२० अंशांच्या वर सुक्रॅलोज तुटायला लागतं आणि क्लोरीनयुक्त नको ती संयुगं होऊ शकतात, असं जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये म्हटलंय. उकळता चहा शंभरापर्यंतच जातो, तिथे प्रश्न नाही.

परवा डॉक्टरांना विचारून आत्याने गोळी पुन्हा सुरू केली. हे सगळं मी तिला फोनवर पाऊण तास सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे, शुगर-फ्री शिऱ्यात घालू का नको ते सांग." म्हटलं, रवा तुपात भाजताना नको. पाणी घालून वाफ आली, गॅस बंद केला, मग घाल.