एचपीव्हीचा रिपोर्ट बाईची चाल सांगत नाही

गेल्या रविवारी वहिनीनं रव्याच्या डब्यामागून एक कागद काढला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. चार घड्या घातलेला एचपीव्ही चाचणीचा रिपोर्ट, पॉझिटिव्ह. एचपीव्ही म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू. तीन आठवडे तो तिथंच होता. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला बोलावलं होतं, ती गेली नव्हती. दादाला पत्ता नव्हता. कारण रिपोर्ट आला त्याच दिवशी मावशीनं घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला होता. "मी तर कुठं गेले नाही गं. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. मग हे आलं कुठून?" एवढं बोलून वहिनी पुन्हा मेथी निवडायला लागली.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की एचपीव्ही हा वाईट चालीच्या बायकांचा रोग, घरंदाज बाईला होत नाही. ८० टक्के बायकांना तो असतो आणि त्यांना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होणारच. पॉझिटिव्ह आलं की पिशवी काढून मोकळं व्हावं. आणि एचपीव्हीवरची लस घेतलेल्या मुलींना मूल होत नाही.

लिहिणाऱ्यानं स्वतःचीच दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली नाहीत. ८० टक्के बायकांना होतो म्हणता आणि घरंदाज बाईला होत नाही असंही म्हणता. मग देशात घरंदाज बायका उरल्या किती?

आता आपल्याच मातीतला पुरावा देते. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा स्मारक केंद्र त्यात होतं. निष्कर्ष २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. ज्या बायकांची एचपीव्ही चाचणी झाली, त्यांतल्या १०.३ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. शंभरातल्या दहा. या गावोगावच्या, पदर डोक्यावर घेणाऱ्या, मुलाबाळांच्या बायका. त्यांच्या घरी जाऊन कुणी म्हणेल का, तुमची चाल वाईट म्हणून?

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं. जोडीदार जास्त असले की धोका वाढतो, हेही खरं. मेसेजातलं तेवढं मान्य करते. पण लागण व्हायला एकच जोडीदार पुरतो, तो नवरा असला तरी. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२३ साली आलेल्या पाहणीनुसार जगात १५ वर्षांवरच्या जवळपास दर तीन पुरुषांत एकाच्या अंगात हा विषाणू असतो. त्यांच्या चालीवर मेसेजात अक्षर नाही. शिवाय तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि मग चाचणीत दिसतो. म्हणून रिपोर्टवरून कुणाकडून आला, कधी आला, काहीच कळत नाही. वहिनीनं दादावर संशय घ्यायचं कारण नाही आणि दादानं वहिनीवर तर नाहीच नाही.

८० टक्क्यांचं म्हणाल तर आयुष्यात कधी ना कधी बहुतेक सगळ्यांनाच, बायकांना आणि पुरुषांनाही, हा विषाणू गाठतो. त्या अर्थानं आकडा फार चुकीचा नाही. पण दहातल्या नऊ वेळा शरीर तो दोनेक वर्षांत स्वतःच काढून टाकतं. ज्यांच्यात धोक्याचा प्रकार टिकून राहतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे पकडायला भरपूर वेळ मिळतो, फक्त तपासायला जावं लागतं. आपण जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांनी या कॅन्सरची तपासणी कधी केलेली होती. धाराशिवच्या अभ्यासात आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ जणी गेल्या आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीनं एवढा फरक पडला.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो पिशवीच्या सल्ल्याचा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. त्यातल्या कितीतरी जणी पस्तिशीच्याही आत होत्या. पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, एवढ्यावर ऑपरेशन. त्याच महाराष्ट्रात पुन्हा हा सल्ला फिरतोय. नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून पिशवी काढत नाहीत. आधी दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघतात, व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून डाग उमटतो का ते पाहतात, गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला पाठवतात. कॅन्सरच्या आधीचा बदल दिसला तर तेवढाच भाग गोठवून किंवा जाळून टाकतात. पिशवी जागच्या जागी राहते.

लसीबद्दल थोडक्यात. तिच्यानं वंध्यत्व येतं याला कसलाही पुरावा नाही. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातेत ज्या प्रकल्पातल्या सात मुली दगावल्या, तिथं पालकांची संमती नीट घेतली नव्हती आणि त्यावरचा राग रास्त होता. पण ते मृत्यू लसीमुळं झाल्याचं चौकशीत निघालं नाही. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना १२-१३ व्या वर्षी लस मिळाली, त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला.

वहिनीनं परवा दादाला सांगितलं. गुरुवारी आम्ही तिघं जातोय, तो सुट्टी टाकतोय. मावशीला मी फोन केला, तर रडायलाच लागली, तिला रिपोर्टचं काहीच माहीत नव्हतं. तिला तो मेसेज भिशीच्या ग्रुपवरून आलेला. "तिकडं टाकायला नीट लिहून दे मला," म्हणाली, म्हणून हे लिहिलं.