संसदेत विचारून काय होणार?

"परराष्ट्र नि संरक्षण हे काय संसदेत चघळायचे विषय आहेत?" ऑपरेशन सिंदूरनंतर विरोधकांनी विशेष अधिवेशन मागितलं, तेव्हापासून घरच्या ग्रुपवर आमच्या अण्णादादाचं हे पालुपद चालू आहे. सरकारला सगळं माहीत असतं, बाकीच्यांनी गप्प बसावं. वर मला टोला: "तुमचे गोरे तरी विचारतात का कुणाला?"

'तुमचे गोरे' झोंबतं. पण उत्तर माझ्या गल्लीतच आहे. मी राहतो इंग्लंडमधल्या क्रॉलीत, आणि हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरून हाकललेल्यांची ब्रिटनमधली सर्वांत मोठी वस्ती इथेच आहे.

मॉरिशसला 1968 मध्ये स्वातंत्र्य मिळालं. त्याआधीच, 1965 मध्ये, ब्रिटननं 30 लाख पौंड देऊन ही बेटं त्यापासून तोडली. अमेरिकेला त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटावर, डिएगो गार्सियावर, लष्करी तळ हवा होता, माणसं नको होती. मोबदला म्हणून ब्रिटनला अमेरिकी पोलारिस अण्वस्त्र-क्षेपणास्त्रांच्या संशोधनखर्चात 1.4 कोटी डॉलरची सूट मिळाली. ती ना ब्रिटिश संसदेला कळवली, ना अमेरिकी काँग्रेसला. या बेटांची नवी वसाहत निघाली ती ऑर्डर इन कौन्सिलवर, म्हणजे राणीच्या नावानं निघणाऱ्या सरकारी हुकमावर, सभागृहात मत न घेता. मग 1973 पर्यंत दीड-दोन हजार माणसं बोटींत कोंबून मॉरिशस नि सेशेल्सला नेऊन सोडली. त्यांची कुत्रीसुद्धा कोंडून गॅसनं मारली. अण्णादादा, तेव्हाही सरकारला सगळं माहीत होतं, आणि बाकीचे गप्पच होते.

आता बघ. 22 मे 2025 ला करार झाला: बेटं मॉरिशसची, तळ 99 वर्षं ब्रिटनकडे, वर्षाला सरासरी 10.1 कोटी पौंड. सहीच्या आदल्या रात्री दोन चागोसी बायकांनी कोर्टातून मनाई आणली. ती दुपारी उठली, मगच सही झाली. सरकार म्हणतं एकूण खर्च 3.4 अब्ज पौंड, विरोधक सांगतात त्याच्या सुमारे दहापट, आणि मंत्र्याला उभं राहून हिशेबाची रीत समजावावी लागते. गॅटविक विमानतळावरच्या नाइट शिफ्टनंतर मी हे पार्लमेंट टीव्हीवर बघत बसतो. लोकसभा मी अशी कधी बघितली नाही. तिथे बघण्यासारखं असतं काय?

अण्णादादा वकील. त्यानं लगेच ग्रुपवर ब्रिटनचा 2010 चा कायदा काढला: करार 21 कामकाजाचे दिवस सभागृहांपुढे ठेवायचा, कुणी विरोधी ठराव मंजूर केला नाही तर पक्का. "आमच्याकडे जमीन द्यायला घटनादुरुस्ती लागते. बांगलादेशसाठी 2015 मध्ये शंभरावी केली." मी श्रीलंकेकडे गेलेलं कच्चथीवू बेट पुढे केलं. 1974 मध्ये कुठे होती घटनादुरुस्ती? तो म्हणाला, ती फक्त सागरी सीमा ठरवली. मग विषय बदलून, मॉरिशस आपलंच, तिथे गणपतीची सरकारी सुट्टी असते! म्हणजे बेटं कुणाची हे मोदकांवर ठरणार.

इथल्या ब्रॉडफील्ड भागातल्या आमच्या शेजारीणबाईंची आई चागोसमधल्या पेरोस बान्योसची. मी करारावर त्यांचं मत विचारलं, तेव्हा त्या नारळाच्या दुधात मासे शिजवत होत्या. थेट आमच्या दापोलीच्या स्वयंपाकघरातला वास. "दोन्ही बाजू आमचं नाव घेतात," त्या म्हणाल्या. "बोलणी चालू होती तेव्हा खुर्ची कुणी दिली?" डिएगो गार्सियावर परत राहायला जायची सोय करारात नाही. इतर बेटांवर कुणाला वसवायचं ते मॉरिशस ठरवणार. त्यांच्या पुतण्याला तेवढंही चालेल, त्यांना मॉरिशसचं नावही नको. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. अण्णादादाला आयतं कोलीत मिळालं असतं.

माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तरी राष्ट्रकुलातला म्हणून मी इथे खासदारकीला मत देतो, चालत जाऊन. तिकडे परदेशस्थ म्हणून यादीत नाव घालता येतं, पण बटण दाबायला दापोलीलाच जावं लागतं. मी नाव घातलेलंच नाही. चागोसींच्या घरवापसीबद्दल इथल्या खासदारांना लांबलचक ईमेल लिहिली. दापोलीचे खासदार कोण, हे मात्र परवा गूगल करावं लागलं.