स्वतःच्या गतीने चालेल, पण एकट्याने नको

‘कोर्स मुलांच्या गतीने चालतो, त्यामुळे पालकांना लक्ष घालावं लागत नाही’ हे मुलांच्या ऑनलाइन कोर्सवरच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. यंदा सातवीत जाणाऱ्या माझ्या लेकीला मे महिन्यात खान अकॅडमी या व्हिडिओंतून शिकवणाऱ्या वेबसाइटवर अपूर्णांक सुरू करून दिले. कोथरूडच्या त्या उन्हात दुपारी बाहेर तरी कुठे पाठवणार? फुकट आहे, एकच धडा हवा तितक्या वेळा बघता येतो, हे खरंच मोलाचं आहे. पण ती व्हिडिओ दीडपट वेगाने पळवायची आणि जरा अडलं की हिंट उघडायची. ३/४ भागिले १/२ चं उत्तर ३/२ बरोबर आलं. ‘दुसरा अपूर्णांक उलटा का केलास गं?’ विचारलं, तर गप्प. मग कागदाच्या पट्टीला घड्या घातल्या आणि पाऊण पट्टीत अर्धी पट्टी दीड वेळा बसते, हे तिने स्वतः मोजलं. तेव्हा कुठे चेहरा खुलला!

नोकरी करणाऱ्या आईबापांना रोज शेजारी बसणं जमत नाही, मान्य. आजी-आजोबांनी नुसतं ‘मला समजावून सांग बघू’ म्हटलं तरी पुष्कळ होतं. आणि पाचवी-सहावीचं कच्चं असेल तर तिथूनच सुरू करू द्या. शाळा उघडायच्या आत सातवीचं पुस्तक संपवायची घाई कशाला?