दाबोळीवर बॉम्ब टाकले कोणी?

गोवा मुक्तिदिन जवळ आला की एक मजकूर मोबाइलवर हमखास फिरू लागतो. नौदलाची ‘व्हाइट टायगर्स’ ही लढाऊ स्क्वाड्रन गोव्यात स्थापन झाली, 18 डिसेंबर 1961 रोजी तिच्या विमानांनी ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडून दाबोळीची धावपट्टी उद्ध्वस्त केली, तिचे काम पुढे कधी बदलले नाही आणि 2016 मध्ये सी हॅरियर विमानांबरोबर तीही मोडीत निघाली, असे त्यात ठासून सांगितलेले असते. यातले एकही विधान टिकत नाही.

स्थापनेचा मुद्दा दोन ओळींत निकालात निघतो. 300 क्रमांकाची ही स्क्वाड्रन 7 जुलै 1960 रोजी वेल्समधील ब्रॉडी येथे सी हॉक विमानांनिशी उभी राहिली. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होते, आणि ‘हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ दाबोळीला आला तो 1964 मध्ये.

दाबोळीवर बॉम्ब टाकले ते हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी, आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले ते हवाई दलाच्याच हंटर विमानांनी. बाहेरून कोणी हस्तक्षेप करू नये म्हणून ‘विक्रांत’ त्या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात तैनात होती, एवढाच तिचा संबंध. शिवाय ‘उद्ध्वस्त’ म्हणावे, तर त्याच रात्री दोन प्रवासी विमाने त्याच धावपट्टीवरून निसटून कराचीला पोहोचली. स्क्वाड्रनचा खरा पराक्रम पूर्वेकडचा आहे: 4 डिसेंबर 1971 रोजी तिच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजारवर आणि नंतर चितगावसह इतर बंदरांवर हल्ले केले. तो या मजकुरात औषधालाही नसतो, याचे नवल वाटते.

काम बदलले नाही, हे विधान तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातच खोटे ठरते. तिथल्या सी हॉकच्या शेपटाखाली आकडा आहे. बाष्पशक्तीच्या कॅटापल्टने फेकले जाऊन उडायचे आणि परतताना डेकवरच्या तारेत हा आकडा अडकवून थांबायचे, ही त्याची रीत, तर जमिनीवरील व सागरी लक्ष्यांवर मारा हे त्याचे मुख्य काम. सी हॅरियरला मात्र दोन्ही बाजूंना इंजिनाचा झोत सोडणारी फिरती नोझल आहेत, ज्यांच्या जोरावर ते सरळ खाली उतरू शकत असे. डिसेंबर 1983 मध्ये ही विमाने दाबोळीला आल्यावर ताफ्याचे हवाई संरक्षण, टेहळणी आणि जहाजांवरील क्षेपणास्त्र हल्ला अशी जबाबदारी स्क्वाड्रनकडे आली, आणि पुढे ‘विक्रांत’वरचे कॅटापल्ट काढून तिथे चढती उड्डाणपट्टी बसवली गेली.

मे 2016 मध्ये निवृत्त झाले ते सी हॅरियर. त्याच वेळी 300 क्रमांकाने मिग-29के विमाने स्वीकारली, आणि वैमानिकांना उतरताना पुन्हा तार पकडावी लागू लागली, तीही सी हॉकपेक्षा कितीतरी जड विमान घेऊन.